गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

उपस्थित वाहनचालक, वाहनमालक आणि गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या तरुण मित्रांनो,

रावेर-यावलची केळी, शेतातून जिनिंगकडे निघालेला कापूस आणि आठवडे बाजाराला जाणारी माणसे वाहण्यासाठी आपल्या खानदेशात आजही जुन्या जीप आणि जुने टेम्पो राबत आहेत. या गाड्यांच्या गिअरबॉक्सविषयी मला आज एकच आग्रह धरायचा आहे. गिअर नीट पडत नाही, एवढ्याच तक्रारीवर गिअरबॉक्स खाली उतरवू नये. बाहेरून करता येण्याजोग्या सर्व तपासण्या आधी पूर्ण कराव्यात. कारण दोष पुष्कळदा पेटीच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, बाहेर असतो, आणि एकदा उघडलेली पेटी पुन्हा बिनचूक जुळवणे ही जाणत्या मिस्त्रीचीही कसोटी असते.

पहिली शंका क्लचवर घ्यावी. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू करावे, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. एवढे थांबूनही दात खरखरत असतील, तर क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही आणि इंजिन आतला शाफ्ट फिरवतच आहे, असे समजावे. अशा वेळी पेडलचे फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला लागणारी मोकळी चाल, ताणलेली केबल किंवा हायड्रॉलिक लाइनमध्ये शिरलेली हवा पाहावी. क्लच सुटत नसताना महिनोन्‌महिने गिअर रेटून टाकले, तर मुळात निर्दोष असलेली पेटीही खराब होते. म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकणे महाग पडते.

क्लच ठीक असूनही खरखर होत असेल, तर सिंक्रोमेशचा विचार करावा. गिअर खरखर न करता गुंतवणारी ही सोय १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींमध्ये प्रथम आली. गिअर गुंतण्यापूर्वी पितळेची एक कडी शंकूच्या आकाराच्या भागावर घासते आणि दोन्ही भागांचा वेग सारखा करते, हे तिचे तत्त्व आहे. मात्र जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतेच. तेथे गाडी पूर्ण थांबवून पहिला गिअर टाकणे, किंवा दोनदा क्लच दाबून मध्ये न्यूट्रलमध्ये इंजिनचा वेग जुळवून घेणे, हाच मार्ग आहे. त्या खरखरीला बिघाड समजून पेटी उघडली, तर आत सापडण्यासारखे काहीच नसते.

आवाजाचे निदान मात्र सावकाश करावे, कारण आवाज कोणत्या भागातून येतो हे बाहेरून बरेच अचूक सांगता येते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून काढलेला, अशा स्थितीत घरघर ऐकू येत असेल आणि पेडल दाबताच ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टचे (इंजिनची ताकद पेटीत आणणाऱ्या दांड्याचे) किंवा काउंटर शाफ्टचे (त्याच्याकडून फिरणाऱ्या, पेटीतल्या समांतर दांड्याचे) बेअरिंग झिजले आहे. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, जातो. जुन्या चार गिअरच्या बऱ्याच पेट्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनची ताकद काउंटर शाफ्टवरून न जाता सरळ मागे जाते. म्हणून इतर गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात जवळजवळ नाहीसा होत असेल, तर दोष काउंटर शाफ्टच्या बाजूला शोधावा. कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरचा औट्रम घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गिअर सुटत असेल, तर गिअर जागेवर धरून ठेवणारी लॉकची गोळी आणि स्प्रिंग, गिअर सरकवणारा झिजलेला फोर्क किंवा गिअरचे गुंतणारे दात यांपैकी काहीतरी गेले आहे. पण त्याआधी इंजिनचे आणि पेटीचे माउंटिंग रबर हलवून पाहावे. गिअरच्या दांडीवर सतत हात ठेवून गाडी चालवण्याची सवयही फोर्क झिजवते.

यानंतर तेल. गाडी चांगली चालवून तेल गरम असतानाच ते काढावे, आणि खालचा बूच खोलण्यापूर्वी वरचा, भरण्याचा बूच उघडतो की नाही हे पाहावे. तो गंजून बसला असेल आणि खालचे तेल वाहून गेले असेल, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बुचाला चुंबक असेल, तर त्यावर आलेला थर बोटावर घेऊन उजेडात धरावा. काजळासारखा मऊ, राखाडी लेप ही नेहमीची झीज असते. काढलेल्या तेलात सोनेरी कण चमकत असतील तर सिंक्रोच्या कड्या झिजत आहेत. ते कण पितळेचे असल्याने चुंबकाला चिकटत नाहीत, तेलात तरंगताना दिसतात. पापुद्रे किंवा दाताचा तुकडा हाती लागला, तर पेटी उघडण्याला पर्याय नाही. तेल दुधी दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात नाला ओलांडलेल्या गाडीत हे हमखास पाहावे.

नवे तेल निवडताना एक चूक सर्रास होते आणि तिच्याबद्दल मला मनापासून कळकळ वाटते. मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन या दात्यांच्या जोडीसाठी आणलेले जीएल-५ प्रतीचे (जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती) तेल त्याच डब्यातून गिअरबॉक्समध्येही ओतले जाते. त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे जुन्या पितळी कड्यांना अपाय होऊ शकतो आणि कड्यांना लागणारे घर्षणही कमी पडते. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तेच घालावे, आणि बाजूच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे.

आपल्याकडे आणखी एक कारण फार दुर्लक्षित आहे, ते म्हणजे ब्रीदर, पेटीतली हवा बाहेर जाऊ देणारे छोटे छिद्र. काळ्या मातीचा चिखल त्याच्यावर बसून वाळतो आणि ते बुजते. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात पेटी तापली, की आतली हवा फुगते आणि वाट न मिळाल्याने ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. मग सील बदलला जातो आणि थोड्या दिवसांत तोही गळू लागतो. सीलला हात लावण्यापूर्वी ब्रीदर साफ करून पाहावा.

शेवटी ओढून नेण्याविषयी. बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, मागची चाके जमिनीवर ठेवून दूर ओढली, तर मागचा शाफ्ट फिरतो. पण इंजिन बंद असल्याने काउंटर शाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही आणि आतले बुश कोरडे घासले जातात. धुळ्याबाहेर गाडी बंद पडली आणि शिरपूरपर्यंत ओढायची असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट (पेटीतून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मागच्या टोकाला सोडून वर बांधून ठेवावा, आणि सोडण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर, खडूने खूण करावी, म्हणजे तो परत त्याच स्थितीत बसेल.