चौकातला कॅमेरा कुणाला बांधील?

[दृश्य: नागपूर–जबलपूर महामार्ग, देवलापार परिसर]

९ ऑगस्ट २०२५. राखीपौर्णिमा. याच रस्त्यावर एका दुचाकीला ट्रकनं धडक दिली. बायको जागीच गेली. मदतीला कुणी थांबेना, तेव्हा नवऱ्यानं तिचा देह दुचाकीला बांधला आणि तो निघाला. ट्रकबद्दल त्याला एवढंच आठवत होतं, की त्यावर लाल खुणा होत्या.

[दृश्य: टोलनाका, वाहनांची रांग]

नागपूर ग्रामीण पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं सीसीटीव्ही चित्रण मिळवलं आणि ते ‘मार्व्हल’कडे तपासलं. मार्व्हल ही पोलिसांसाठी एआय प्रणाली तयार करणारी राज्य सरकारची कंपनी. २०२४ साली नागपुरातच स्थापन झालेली, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. एका प्रणालीनं लाल खुणांचे ट्रक तेवढे निवडले. दुसरीनं त्यांचा सरासरी वेग काढला आणि धडकेच्या वेळी त्या जागी कोणता ट्रक असू शकतो, हे ताडून पाहिलं. एक ट्रक उरला. तो ग्वाल्हेर–कानपूर महामार्गावर सापडला, सुमारे ७०० किलोमीटरवर. ३६ तासांत. या तपासाचं कौतुक करायलाच हवं, आम्हीही करतो.

[दृश्य: व्हरायटी चौक, खांबावरचे कॅमेरे, खालून जाणारी गर्दी]

नागपूर शहरातही साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे आहेत. त्यांच्याखालून ट्रक जातात, तशी माणसंही जातात. कॉलेजची मुलं, बर्डीच्या बाजारात खरेदीला आलेल्या बाया, मोर्चेकरी. चुकीचा ट्रक निवडला गेला, तर तो तपासून सोडता येतो. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेत चुकीचा चेहरा जुळला, तर एक निरपराध माणूस रात्रभर ठाण्यात बसतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. त्यात सरकारला हात घालायचा तर आधी कायदा हवा. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी देशात असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक बंधनांतून सूट देतो.

[दृश्य: पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, सकाळ]

यंत्र शिकतं ते जुन्या नोंदींवरून. त्या नोंदी कुणाच्या आहेत, ते इथं येऊन पाहा. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो शिक्का पुसला. पण आजूबाजूला चोरी झाली, की संशय अजूनही आधी बेड्यावरच येतो. हाच संशय उद्या संगणकाच्या पडद्यावरून आला, तर वाद कुणाशी घालायचा?

[दृश्य: विधानभवन, सिव्हिल लाइन्स]

दर हिवाळ्यात राज्याचं विधिमंडळ या इमारतीत भरतं. चित्रण किती दिवस ठेवलं जातं, ते कोण पाहू शकतं, चेहरा जुळला म्हणून किती जणांना ताब्यात घेतलं आणि त्यातले किती निर्दोष निघाले, याचा अहवाल गृह खात्यानं दरवर्षी इथं सभागृहाच्या पटलावर ठेवावा. चुकीनं उचललेल्या माणसानं दाद मागायची तर पोलिसांबाहेरचा अधिकारी नेमावा. नागपूरच्या यंत्रणा राज्यभर नेण्याची तयारी सुरू आहे. हे त्याआधी व्हायला हवं.