सेनवरची पहाट

(अंधारातली नदी. काठाला एक नाव.)

फ्रान्समधलं झिवर्नी गाव अजून झोपेत आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात चित्रकार क्लोद मोने इथे पहाटे साडेतीनला उठायचे. वय छप्पन. बागेतून, शेतांतून वाट काढत नदीवर यायचे. एप्त नदी जिथे सेन नदीला मिळते, तिथे त्यांची सपाट बुडाची नाव बांधलेली असायची. तोच त्यांचा स्टुडिओ.

(पाण्यावर धुकं. कॅमेरा स्थिर.)

नावेत एकाच जागेची चौदा चित्रं एका वेळी सुरू होती. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. पुढचा कॅनव्हास हातात द्यायला माळीबुवा सोबत असत! आदल्या दिवशीचा तोच उजेड परत आला, तरच ते चित्र पुढे सरकणार.

(शिकागो. आर्ट इन्स्टिट्यूटमधलं चित्र, संपूर्ण.)

हे त्यातलंच एक. जवळजवळ चौरस. डावी-उजवीकडे झाडं, मध्ये पाणी. नावाडी नाही, घर नाही, पक्षीसुद्धा नाही. काठ नेमका कुठे संपतो, पाणी कुठे सुरू होतं? बोट ठेवून दाखवता येत नाही.

(चित्र पडद्यावर सावकाश उलटं होतं.)

आता चित्र उलटं केलंय. फारसं बिघडलं का? झाड आणि झाडाचं प्रतिबिंब, दोघांना सारखंच वजन दिलंय.

(अगदी जवळून रंगलेप.)

धुकं म्हणजे पांढरा रंग, असं वाटतं. इथे मात्र फिकट निळा आहे, त्यात जांभळट छटा, मधेच हिरवट. चार पावलं मागे या... झालं धुकं.

(पाऊस. नदीवर थेंब.)

मोने इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलत्या उजेडाचा क्षण रंगवणाऱ्यांपैकी. इम्प्रेशनिस्ट म्हणजे भराभर फटकारे, तासाभरात चित्र तयार, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. पण ही मालिका सुरू झाली १८९६ मध्ये. त्या वर्षी पावसाने काम अडवलं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच नाव, तीच पहाट. शिवाय घरच्या स्टुडिओत बसून केलेलं काम वेगळंच.

१८९८ मध्ये पॅरिसला झॉर्झ पेती यांच्या गॅलरीत ही चित्रं लागली.

(ऊन पाण्यावर येतं.)

धुकं उठलं. आता हा कॅनव्हास उद्या पहाटे.

(नदीचा आवाज. निवेदन नाही.)