वाकायचं, पण पिळायचं नाही
(निवेदन)

(दृश्य: यंत्राने सपाट केलेला उतार, उंचावरून. त्यावर एकच रेषा.)

ही रेषा नीट बघा. जेमतेम बोटाएवढी रुंद आहे. इथून एक माणूस भरधाव वेगाने खाली गेलाय, आणि तरी बर्फ खरवडलेला दिसत नाही. दिसते ती फक्त पोलादी कडेने कापलेली चर.

स्नोबोर्डवरची बहुतेक माणसं वळताना बोर्ड थोडा आडवा करून घसरतात. त्यात वेगही कमी होतो आणि वळणही मिळतं. कार्व्हिंगमध्ये घसरण्याला जागा नाही. बोर्ड कडेवर उभा करायचा आणि त्या कडेची वक्रता नेईल तसं जायचं. पुढचं टोक जिथून गेलं, त्याच चरीतून मागचं टोक गेलं पाहिजे.

(दृश्य: संथ गती, शेजारून. स्वार इतका कललेला की हात बर्फाला लागतो.)

पायात कडक प्लास्टिकचे बूट, स्कीइंगच्या बुटांच्या जातीचे. दोन्ही पावलं जवळजवळ प्रवासाच्या दिशेला वळवलेली. आता बोर्डाकडे बघा. तो सपाट पडलेला असताना त्याची कड समजा १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. ६० अंशांत कलवला, की वळणाची त्रिज्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ६ मीटरवर येते. कलाच्या कोसाइनने गुणायचं, एवढंच गणित. बर्फ मऊ असला तर उत्तर थोडं इकडेतिकडे होतं.

पण त्यासाठी बोर्डाला लांबीत वाकावं लागतं, आणि वाकताना पिळून चालत नाही. पिळला की टोकं बर्फ सोडतात आणि चर तिथेच तुटते. वाकायला मऊ हवा, पिळायला ताठ हवा. बोर्ड बनवणारे कित्येक वर्षं या दोन मागण्यांमध्ये अडकून पडले होते.

(दृश्य: भिंतीला टेकवलेले जुने बोर्ड. कॅमेरा एकेकावरून सरकतो.)

हे फायबरग्लासच्या जमान्यातले. काही चक्क असममित आहेत, डावी कड उजवीच्या मागे सरकवलेली. पाय तिरके असतात, मग टाचेकडची आणि बोटांकडची कड सारखी कशाला, असा तो विचार होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला त्याची चांगलीच चलती होती. पुढे सगळे पुन्हा सममित आकाराकडे वळले. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि त्यात जायंट स्लालम होती, म्हणजे उतारावर रोवलेल्या खुणांना वळसे घालत खाली येण्याची शर्यत. त्या काळातले शर्यतीचे बोर्ड अरुंद आणि ताठ असायचे. गुळगुळीत उतारावर पकड उत्तम, पण खडबडीत, गोठलेल्या पट्ट्यावर दात वाजायचे.

गंमत अशी की स्कीइंगवाल्यांकडे उत्तर होतं. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेडने अमेरिकेत १९५० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये लाकूड दाबून स्की बाजारात आणली. स्नोबोर्डपर्यंत धातू यायला आणखी अर्धं शतक गेलं. आणि तो मोठ्या कंपन्यांकडून आला नाही. त्यांचं लक्ष तोवर मऊ बुटांकडे आणि खास उड्यांसाठी बांधलेल्या बर्फाच्या पार्ककडे लागलं होतं.

(दृश्य: कार्यशाळा. पत्र्याची गुंडाळी उलगडते.)

हे टायटॅनल. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यात जस्त, मॅग्नेशियम, तांबं. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. स्वित्झर्लंडमधल्या हान्सयुर्ग केसलरचे धातूचे बोर्ड शर्यतींत पुढे आले ते या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि बघता बघता रांगेतल्या स्पर्धकांच्या पायाखाली धातूच दिसू लागला. कॅनडात कॉइलर आणि प्रायर, अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये डोनेक, सगळ्या छोट्या कार्यशाळा, याच वाटेने गेल्या. तुरिनला २००६ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलेल्या ऑस्ट्रियाच्या झिगी ग्राब्नरने तर स्वतःच्या आद्याक्षरांचे बोर्ड काढले.

धातूने बोर्ड आणखी ताठ झाला असेल, असं वाटतं ना? झालं उलटंच. फायबरचे धागे ज्या दिशेला घातले, त्या दिशेलाच जोर देतात. पत्रा सगळ्या दिशांना सारखाच. त्यामुळे पिळाला विरोध आपोआप मिळाला, आणि लांबीतला ताठपणा कमी करता आला. पत्र्याचं वजन आणि त्यालगतचा रबराचा पातळ थर यांनी थरथर खाल्ली. धातूचा बोर्ड चांगला बनवला, तर जुन्यापेक्षा मऊ असून जास्त पकडतो.

(दृश्य: कारागिराचे हात. ऑर्डरचा कागद, त्यावर पेन्सिलीचे आकडे.)

वजन ८६ किलो. बुटाचं माप. पावलांचे कोन, पुढचा ६० अंश, मागचा ५७. उतार कसला, बर्फ कसला, शर्यत करणार की मजेसाठी फिरणार. एकाच माणसासाठी बोर्ड बनतोय, म्हणून हे सगळं विचारता येतं. दुकानातला बोर्ड यातलं फार तर एक-दोन गोष्टी विचारतो.

वक्रता ठरवताना चुकायला जागाच नसते. बर्फाला टेकणारी कड दीड मीटर धरली आणि त्रिज्या १२ मीटर, तर मध्यावर कड २३ मिलिमीटरहून जरा जास्त आत येते. त्रिज्या १३ मीटर केली, तर २२ च्या आत. दोन मिलिमीटरसुद्धा फरक नाही, आणि उतारावर पहिल्याच वळणात तो पायाला कळतो.

(दृश्य: गाभ्यावरून रंधा फिरतो. जवळून.)

गाभा लाकडाचा, उभ्या पट्ट्या चिकटवून केलेला. चिकटवण्याचं काम आम्ही पोचण्याआधीच उरकलं होतं. इथे तो मधून टोकांकडे निमुळता होतोय. दोन घास घेतले की कॅलिपरने जाडी मोजायची, पुन्हा दोन घास. दोन पत्र्यांमधल्या या सँडविचमध्ये गाभा एक दशांशाने जाड झाला, तर ताठपणा एक पंचमांशाने वाढतो. ८६ किलोच्या माणसाचा बोर्ड ६० किलोच्या माणसाला वाकवताच येणार नाही, ते याच जागी ठरतं.

(दृश्य: हातमोजे. थर एकावर एक.)

खाली पॉलिथिलीनचा तळ, त्याच्या कडेला पोलादी पट्टी. रबर. पत्रा. फायबरग्लास, इपॉक्सी नावाच्या गोंदाने भिजवलेलं. गाभा. पुन्हा फायबरग्लास, पुन्हा पत्रा. हातमोजे उगाच नाहीत. ॲल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडची साय धरते, त्यामुळे चिकटण्यासाठी पत्र्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. त्यावर बोटाचा तेलकट ठसा उमटला, तर थर सुटायला तिथूनच सुरुवात होऊ शकते.

(दृश्य: प्रेस बंद होतो. दाबाचा काटा चढतो.)

आता उष्णता आणि दाब. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि प्लास्टिकचा तळ त्याहून कितीतरी जास्त. थंड होताना जो तो आपल्या गतीने आखडतो. म्हणून साच्यातली कमान आणि बाहेर आलेल्या बोर्डाची कमान सारखी नसते. किती फरक पडणार, हे या माणसाला आधीच्या बोर्डांवरून माहीत आहे. कुठे लिहून ठेवलंय का, विचारलं. डोक्याला बोट लावून हसला.

(दृश्य: तयार बोर्ड टेबलावर, डोळ्याच्या पातळीवरून. नाक हळूच उचललेलं.)

आकारही बदललाय. नाक आधीपासून हलकं वर वळवलेलं, म्हणजे कड बर्फात एकदम घुसत नाही, सरकत शिरते. वक्रता एका वर्तुळाची नाही. ती लांबीबरोबर बदलत जाते, रेल्वेचा रूळ सरळ मार्गावरून वळणात नेताना वापरतात त्या क्लोथॉइडसारखी. आणि कंबर, म्हणजे बोर्डाचा मधला अरुंद भाग, रुंद होतेय. बरेच जण पावलांचे कोन कमी करू लागलेत, आणि अरुंद बोर्डाबाहेर आलेला बूट खोल कललेल्या वळणात बर्फाला घासतो.

(दृश्य: बोर्डावर बसवलेली लांब पट्टी, तिच्यावर बूट अडकवायचं बाइंडिंग.)

ही प्लेट मात्र धातूच्या एका खोडीतून आली. बाइंडिंगच्या स्क्रूंपाशी ताण एकवटतो, आणि सुरुवातीचे काही बोर्ड नेमके तिथेच गेले. आता स्वार प्लेटवर उभा राहतो. प्लेटचं एक टोक बिजागरीवर, दुसरं थोडं सरकतं, आणि खाली बोर्ड मोकळेपणाने वाकतो. उंची वाढते, वजनही वाढतं. ज्यांना बर्फ पायाखाली जाणवायला हवा, ते प्लेट काढून टाकतात, आणि मला विचाराल तर मऊ सकाळी त्यांचंच बरोबर आहे.

(दृश्य: मधोमध कायमचा वाकलेला बोर्ड, कोपऱ्यात.)

फायबर मोडेपर्यंत परत येतं. पत्रा एका मर्यादेपलीकडे वाकला की तसाच राहतो. थर सुटे करणं कठीण, त्यामुळे असा बोर्ड बहुधा कचऱ्यातच जातो. शिवाय हे सगळं महाग आहे, हाताने बनवणारे मोजकेच आहेत, आणि दोन स्पर्धक शेजारीशेजारी उतरतात ती पॅरलल स्लालम ऑलिंपिकमध्ये २०१४ ला सोचीत एकदाच दिसली.

(दृश्य: नवा कागद, नवे आकडे.)

पुढची ऑर्डर ९४ किलोची. हा गिऱ्हाईक कोन ५० अंशांवर आणतोय, म्हणून कंबर रुंदावली. रुंद बोर्ड जास्त पिळतो, म्हणून पत्रा एक माप जाड. जाड पत्र्याने लांबीतही ताठपणा येणार, तो गाभा पातळ करून काढावा लागेल. किती पातळ, यावर मघापासून खोडरबर चाललंय.