ग्रीनलँड शार्कच्या डोळ्यात

[दृश्य: काळोख. कॅमेऱ्याच्या दिव्यात एक बोथट तोंड सावकाश पुढे येतं.]

हा ग्रीनलँड शार्क. वाढतो ५ मीटरपर्यंत, पण चाल इतकी संथ की रमतगमत चालणारा माणूसही त्याला मागे टाकेल. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या गार पाण्यात, कधी बर्फाखाली, तर कधी २००० मीटरपेक्षाही खोल, तो फिरत असतो.

आता त्याच्या डोळ्याकडे बघा.

[दृश्य: डोळा, अगदी जवळून.]

बुबुळावरून फिकट, पांढरट-गुलाबी असं काहीतरी लोंबतंय. शार्क वळला की तेही मागोमाग झुलतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, कातडीचा फाटका तुकडाच असेल. पण ही जिवंत मादी आहे. नाव ओमॅटोकॉइटा इलाँगाटा. कोळंबी-खेकड्यांची ही दूरची नातेवाईक, लांबी जेमतेम काही सेंटीमीटर.

तिची पकड नीट बघण्यासारखी आहे. दोन लांब हात टोकाशी एकत्र येतात, आणि तिथे असते एक छोटीशी गुंडी. ही गुंडी शार्कच्या कॉर्नियात, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्यात, रुतलेली असते. एकदा रुतली की मादीने आयुष्यभर तिथेच राहायचं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीएवढंच चरतं ना, तशी ही आपल्या हातांच्या टप्प्यात येईल तेवढा डोळ्याचा पृष्ठभाग खरवडून खाते. मागे दोन पिशव्या लोंबतात. त्या अंड्यांच्या.

अंगावर काटा येतो, हे खरं. कॉर्निया गढूळ होतो, त्यावर व्रण पडतात, नजर अधू होते. आर्क्टिकमधल्या कितीतरी शार्कांच्या डोळ्यांत ही सापडते. तरीही शार्क उपाशी मरत नाही. त्याचं नाक तीक्ष्ण आहे, आणि या अंधारात वासावर बरंच भागतं. त्याच्या पोटात मासे तर मिळतातच, सीलसुद्धा मिळालेत.

[दृश्य: लालसर माशांचा थवा.]

याच समुद्रात रेडफिशच्या अंगात स्फायरिऑन लंपी घुसते. हीसुद्धा त्याच गोतातली. हिचं डोकं माशाच्या मांसात खोल गाडलेलं, धड आणि अंडी बाहेर. ओढून काढायला जावं तर धड हातात येतं, डोकं आतच राहतं. ती मेल्यावरही तिच्या खुणा मांसात उरतात. शास्त्रज्ञ त्या मोजतात, आणि कुठला मासा कुठल्या कळपातला असावा, याचा अंदाज बांधतात. माशाने जन्मभर वागवलेली जखम अशी त्याची ओळखही सांगते, हे मला फार विलक्षण वाटतं.

[दृश्य: पुन्हा शार्कचा डोळा.]

या डोळ्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं शार्क जन्मण्याआधीच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी २८ माद्यांच्या भिंगांतला किरणोत्सारी कार्बन मोजला. सर्वांत मोठ्या मादीचं वय निघालं सुमारे ३९२ वर्षं. अंदाजात १२० वर्षं इकडेतिकडे धरली, तरी किमान २७२.

म्हणजे आतल्या भिंगात कित्येक शतकांपूर्वीचा काळ जसाच्या तसा. आणि वरच्या पडद्यावर, एका गुंडीच्या आधाराने, ही इवलीशी मादी. तिच्या पिशव्या भरल्या आहेत.

[दृश्य: शार्क वळतो. शेपटी अंधारात दिसेनाशी होते.]