दुखऱ्या बोटालाच ठेच

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? संयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि 'व्यक्तिमत्त्वाचे प्रकार आणि त्यांच्या कच्च्या बाजू' हा विषय दिलाय. विषय मीच सुचवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती सोळा प्रकारांची प्रश्नावली कधी ना कधी भरली असेल. मायर्स आणि ब्रिग्ज या मायलेकींनी १९४०च्या दशकात रचलेली. चार अक्षरं मिळतात आणि माणूस ती जन्मपत्रिकेसारखी सांगत फिरतो. (हशा) हसू नका, मीही फिरलोय. सावधगिरी म्हणून एक सांगून ठेवतो. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि 'हे तुझं व्यक्तिचित्र' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. अचूकतेसाठी त्याला सरासरी पाचपैकी ४.२६ गुण मिळाले. तुमच्यात काही उणिवा आहेत पण त्या तुम्ही भरून काढता, असंही त्यात एक वाक्य होतं. कोण नाही म्हणेल? तेव्हा मी आज जे बोलणार आहे ते ऐकून 'अगदी माझंच वर्णन' असं वाटलं, तर लगेच भारावून जाऊ नका.

तर, दुखऱ्या बोटालाच ठेच लागते, असं आपण म्हणतो. समंजस माणसं त्यावर समजावतात की ठेच सगळ्याच बोटांना लागते, दुखऱ्याची तेवढी लक्षात राहते. बरोबर आहे. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते बोट आपणच पुढे करून चालतो.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने या प्रकारांचा घातलेला पाया तुम्हाला ठाऊक आहे. १९२१च्या पुस्तकात त्याने मनाची चार कार्यं सांगितली: विचार, भावना, संवेदन म्हणजे इंद्रियांना जे जाणवतं ते, आणि अंतःप्रज्ञा म्हणजे शक्यतांची आतून लागणारी चाहूल. विचाराच्या समोर भावना, संवेदनाच्या समोर अंतःप्रज्ञा. एक हुकमी झालं की त्याच्या समोरचं मागे राहतं. त्या मागे राहिलेल्याला पुस्तकी मराठीत 'कनिष्ठ कार्य' म्हणतात. मला ते नेहमी कनिष्ठ लिपिकासारखं ऐकू येतं. (हशा) आणि तसंच असतं ते. पगार कमी, पण कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडे.

आता माझी गोष्ट. मला ती सांगायला आवडते, घरी ती सगळ्यांना पाठ आहे. मी विचारवाला. पूर्वी एक नोकरी सोडली तेव्हा छोटा निरोप समारंभ झाला. पुष्पगुच्छ देताना एक सहकारी बाई म्हणाल्या, "तुमचं कधी काही चुकत नाही हो!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि झोप लागेना. हे कौतुक की टोमणा?

शहाणा माणूस विचारून टाकतो, नाहीतर सोडून देतो. मी कागद घेतला आणि दोन रकाने आखले. कौतुकाच्या बाजूला पुष्पगुच्छ. टोमण्याच्या बाजूला तो 'हो'. (हशा) मराठीतला 'हो' फार घातकी आहे. 'चुकत नाही' हे विधान झालं. 'चुकत नाही हो' हा निकाल झाला. मग आठवायला बसलो की आधी कोण हसलं. जे आधी हसले त्यांना हे आधीच माहीत असणार, म्हणजे माझ्यामागे चर्चा झाली असणार. एकूण चौदा जण. नवीन वर्षाला चौदाही जणांना शुभेच्छा पाठवल्या आणि कोणाचं उत्तर किती तासांनी आलं ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं. बायकोने कागद पाहिला आणि म्हणाली, "त्यांनाच विचार ना." मी म्हटलं, पुरावा अपुरा आहे.

गंमत पाहा. त्याच सुमारास एकाने भर बैठकीत माझं एक गणित साफ चुकीचं असल्याचं दाखवलं. मी आभार मानले, जेवायला गेलो, विसरलो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी समोरून गेला आणि माझ्याकडे पाहून हसला नाही. ते तीन आठवडे पुरलं.

याच संदर्भात माझी एक जुनी तक्रारही आहे. नोकऱ्यांमध्ये प्रशिक्षणं होतात, तिथे प्रत्येकाला स्वतःच्या उणिवांची यादी करायला लावतात आणि वर्षभर त्यांवर 'काम' करायला सांगतात. अहो, आम्ही दुसरं काय करतोय रात्रभर? मला तर एका प्रशिक्षकाने... चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. बरं, प्रशिक्षक वाचला.

मुद्द्याचं घाईत सांगतो. जे कार्य आपण रोज वापरतो ते घासून गुळगुळीत होतं, त्यात चूक झाली तर ती फक्त चूक असते. मागे राहिलेलं कार्य लहान मुलासारखं असतं: संथ, हळवं, एक तर सगळं नाहीतर काहीच नाही. युंगच्या मते ते नेणिवेला, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागाला, चिकटलेलं असतं, हुकूम ऐकत नाही. म्हणून तिथून जे येतं ते भारलेलं येतं, आणि भारलेलं आहे म्हणूनच ते जास्त खरं वाटतं. युंगची सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ हिने या एकाच कार्यावर व्याख्यानं दिली आहेत.

माझी भर एवढीच की तिथे आपण आपलंच हुकमी हत्यार घेऊन जातो. मी भावनेला रकाने आखले. रकान्यात भावना मावत नाही, म्हणून काम संपत नाही, म्हणून आपण तिथून उठत नाही. माझी बायको भावनेची. खोलीत पाऊल टाकताच कोण दुखावलंय हे तिला कळतं. पण मधूनच एखाद्या रात्री तिला 'आपल्याला काही अक्कल नाही' असा निकाल ऐकू येतो. मग ती मला आणि मुलांना विचारत राहते, तुम्हाला काय वाटतं? विचाराचा प्रश्न, सोडवायचा माणसांकडून!

अंतःप्रज्ञेची माणसं शरीर विसरतात आणि एक दिवस नाडी मोजत बसतात, प्रत्येक ठोक्यात दहा शक्यता पाहत. संवेदनाची माणसं हिशेबाला पक्की, पण 'काहीतरी वाईट होणार' हे भूत मानेवर बसलं की कुलपं मोजतात. कुलपं मोजून भूत जात नाही.

आणि 'विचारच करू नका' म्हणाल, तर डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळा, असं सांगितलेल्यांना तो टाळता आला नाही. नंतर मोकळीक दिल्यावर तर अस्वल त्यांच्या मनात जास्तच येत राहिलं. यावर अजून बोलायचं होतं, पण अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.

त्या बाईंचं काय झालं? अकरा वर्षांनी भेटल्या. धीर करून विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. हसून म्हणाल्या, "अजून लक्षात आहे तुमच्या?"

आता या 'अजून'चे दोन अर्थ होतात. (हशा) कागद खिशातच आहे, चहाच्या वेळी दाखवतो.