पळण्यासाठी म्हणून स्कीवर चढलेली मुलगी

(मिनेसोटातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं सुटसुटीत केलं आहे.)

मंडळी, नमस्कार.

कोजागिरीला दूध आटत होतं तेव्हा एका ताईंनी मला विचारलं, "धाकटी अजून पळतेय का गं? पुढे काय करणार त्याचं?" माझी धाकटी लेक शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी पळते. विचारलं मायेनेच. पण मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि घरी जाताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. कार्यकारिणीने आज दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की ताईंना उत्तर इथेच द्यायचं. त्यासाठी अलास्कातल्या एका मुलीची गोष्ट सांगावी लागेल.

तिचं नाव किकन रँडल. जन्म ३१ डिसेंबर १९८२. आपल्याकडे बारशाला होतो तसा तिच्या नावावरून घरात वाद झाला. वडिलांना 'किकी' ठेवायचं होतं, कारण स्कीइंगच्या वर्ल्ड कप मालिकेतली शर्यत जिंकणारी पहिली अमेरिकन होती किकी कटर. आईला 'मेगन' हवं होतं. शेवटी दोन्ही जोडून 'किकन' झालं. म्हणजे नावातच बर्फ होता. लहानपणी ती डोंगरावरून सुसाट खाली येणारं स्कीइंग करायची. मावशी बेट्सी हेन्स आणि मामा ख्रिस हेन्स हे दोघे चढ, उतार, सपाटी सगळं स्वतःच्या बळावर पार करायच्या, म्हणजे क्रॉस कंट्री स्कीइंगमध्ये ऑलिंपिक खेळलेले. असं घर असूनही अँकरेजच्या ईस्ट हायस्कूलमध्ये गेल्यावर ही मुलगी रमली पळण्यात. लांब अंतराच्या शर्यतींत तिने राज्याची विजेतेपदं मिळवली. तिचा सरावातला आवेश बघून शाळेतल्या सोबत्यांनी तिला 'किकॅनिमल' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव तिला जन्मभर चिकटलं.

आता अलास्कात हिवाळ्यात पळायचं कुठे आणि कसं? अंधार लवकर, रस्त्यावर बर्फ. मग वसंत ऋतूपर्यंत दम टिकावा म्हणून ती शाळेच्या क्रॉस कंट्री स्कीच्या टीममध्ये गेली. एवढंच कारण होतं. स्की हा पळण्याचा हिवाळी सराव होता. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

हे दोन खेळ इतके जवळचे का, ते मला मुलीमुळे कळलं. लांब पळण्याने हृदय तयार होतं, एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. पायाचे स्नायू ऑक्सिजन वापरायला सरावतात. ही कमाई स्कीवर जशीच्या तशी कामाला येते. पण स्कीवर हातही पायांइतकेच राबतात. दोन्ही पोल, म्हणजे हातांतल्या काठ्या, एकदम रोवून शरीर पुढे ओढायचं तर खांदे, पाठ, पोट सगळं लागतं. पळणाऱ्यांची तिथे पंचाईत होते, कारण दम असतो आणि दंड नसतात. म्हणून स्कीवाले बर्फ पडायच्या आधी पोल घेऊन चढावर पळतात. परवा ऑक्टोबरमध्ये मी लेकीला आणायला मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कला गेले तेव्हा पंधरा-वीस मुलं त्या गवताळ टेकडीवर पोल टोचत, लांब उड्या घेत वर चालली होती. वर पोचली की चालत खाली, पुन्हा वर. मी गाडीत बसून मोजलं, आठ वेळा. घरी आल्यावर तिने हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, पोलचा पट्टा घासतो तिथे, दोन फोड. इतकी वर्षं मी तिच्या टाचेच्या फोडांना मलम लावलं होतं. हाताचा फोड पहिल्यांदाच बघितला.

किकनकडे पळून कमावलेला दम होता, दंड तिने वर्षानुवर्षं घाम गाळून कमावले. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटला, म्हणजे छोट्या अंतराच्या शर्यतीत, ती ४४वी आली. त्या काळी अमेरिकन बाईने क्रॉस कंट्रीत पदक आणायचं ही कल्पनाच कुणी करत नव्हतं. तोवर या खेळात अमेरिकेचं एकमेव ऑलिंपिक पदक १९७६ मधलं, बिल कॉकचं रौप्य. ती अँकरेजमध्येच राहिली, तिथल्याच क्लबबरोबर उन्हाळ्यात हेलिकॉप्टरने ईगल ग्लेशियरवर जाऊन सराव करत राहिली. २००६ ला तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये नववी आली. २००९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. मग २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं स्प्रिंटमध्ये वर्ल्ड कपच्या वर्षभराच्या गुणतक्त्यात ती पहिली होती. आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकला, जिथे सगळे तिचं सुवर्ण गृहीत धरून बसले होते, ती उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडली. सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने.

एप्रिल २०१६ मध्ये तिला मुलगा झाला. ती परत आली.

२१ फेब्रुवारी २०१८, प्याँगचँग ऑलिंपिक, टीम स्प्रिंट. दोघींची टीम, प्रत्येकीने आळीपाळीने तीन-तीन फेऱ्या मारायच्या. जोडीदार होती आपल्या इथली, मिनेसोटातल्या सेंट क्रॉय नदीकाठच्या आफ्टनची जेसी डिगिन्स. जेसीला आपण सगळे ओळखतो, तिच्या शेवटच्या पन्नास मीटरची चित्रफीत या सभागृहात निम्म्या लोकांनी तरी पाहिली असेल. पण माझी विनंती आहे, पुढच्या वेळी पाचवी फेरी बघा. ती किकनची. समोर नॉर्वेची मारित ब्यॉर्गन आणि स्वीडनची शार्लट कल्ला, या खेळातल्या दोन थोर बायका. पस्तीस वर्षांची किकन, घरी दोन वर्षांचंही न झालेलं पोर, आणि ती त्या दोघींना सोडत नाही. जवळजवळ तीन मिनिटं जिवाच्या आकांताने जायचं, मग जोडीदार फेरी मारेपर्यंत श्वास गोळा करायचा, आणि पुन्हा तेच. असं तीनदा. तिसऱ्यांदाही पाय चालतात ते आधी साठवलेल्या दमावर, आणि हिने तो साठवायला सुरुवात केली होती शाळेच्या ट्रॅकवर. तिने जेसीला पुढच्या दोघींच्या अगदी लगत नेऊन सोडलं. सुमारे सोळा मिनिटांची शर्यत अमेरिकेने ०.१९ सेकंदाने जिंकली. क्रॉस कंट्री स्कीइंगमधलं या देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. अंतिम रेषेवर जेसी बर्फात कोसळली आणि किकन धावत जाऊन तिच्या अंगावर पडली.

त्यानंतर काही महिन्यांतच किकनला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. केमोथेरपीला ती सायकलने गेली. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ती न्यूयॉर्क मॅरेथॉनला उभी राहिली आणि तीन तासांच्या आत पूर्ण केली. स्की बाजूला ठेवल्यावर ती पुन्हा पळायलाच गेली. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

त्याला कारण आहे. लेक नववीत असताना मी तिला पळणं सोडायला लावायच्या बेतात होते. शाळेच्या मुख्य टीममध्ये सात जणी असतात, ती कायम नववी-दहावी. मला वाटायचं, रोज दोन तास जातात, त्याऐवजी गणित होईल. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती काही बोलली नाही, बूट दाराबाहेर काढून ठेवले आणि खोलीत गेली. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढे हिवाळ्यात मैत्रिणीच्या नादाने ती नॉर्डिकला, म्हणजे शाळेच्या क्रॉस कंट्री स्कीला, गेली, तेही टीमबरोबर राहता यावं म्हणून. १८ फेब्रुवारी २०२४ ला वर्थ पार्कला वर्ल्ड कप होता, अमेरिकेत २००१ नंतर पहिल्यांदा. २०२० मध्ये ठरला होता तो कोविडमुळे रद्द झाला होता, आणि त्या हिवाळ्यात बर्फच नाही म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. आम्ही दोघी गर्दीत टाचा उंचावून उभ्या होतो. अँकरेजच्याच गस शूमाकरने पुरुषांची १० किलोमीटर जिंकली, महिलांमध्ये जेसी तिसरी आली. लेक ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत नाचली. परतताना म्हणाली, "आई, मी यांच्यासारखी नाही होणार, मला माहितीये. पण मला हे सोडायचं नाहीये." मी हो म्हटलं.

तर ताई, पुढे काय करणार, तर सध्या तरी स्की करणार, आणि बर्फ वितळला की परत पळणार. ती अजूनही मुख्य टीममध्ये नाही. गणित बरं चाललंय.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबते. पळण्याचा मोसम नुकताच संपला, नॉर्डिकचा सराव आता सुरू होतोय. आपल्या मंडळातली किमान चार-पाच मुलं लांब पल्ल्याच्या शर्यती पळतात आणि हिवाळाभर घरात बसतात, हे मला माहीत आहे. आमच्या गॅरेजमध्ये लेकीला लहान झालेल्या स्कीचे दोन जोड, बूट आणि पोल आहेत. वर्थ पार्कला यंत्राने केलेल्या बर्फाची फेरी खुली झाली की आम्ही दर शनिवारी सकाळी नऊला जातो. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात. ज्यांना मुलांना पाठवायचं असेल त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा, बुटाचं माप तेवढं सांगा.