हबमधली टिकटिक

[पडद्यावर: उलटी उभी केलेली सायकल. मागचं चाक हळूहळू फिरतंय. संगीत नाही.]

ऐका. टिक, टिक, टिक.

जुनी तीन गिअरची सायकल अशी बोलते. आवाज येतो हबमधून, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड भागातून. गिअर त्याच्याच आत असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पेडल मारताना ही टिकटिक चालू राहते, पहिल्यात थांबते. अशी सायकल हाती आली की मी रंग बघत नाही, गंजही बघत नाही. आधी चाक फिरवतो आणि कान देतो.

[हबवरून चिंधी फिरते. अक्षरं उमटतात.]

स्टर्मी-आर्चर, ही कंपनी. ए डब्ल्यू, हे हबचं मॉडेल. शेजारी आकडे, ६६ आणि ८. म्हणजे ऑगस्ट १९६६, इंग्लंडमधला नॉटिंगहॅमचा कारखाना. पण हे वय हबचं. मधे कधी चाक बदललं असेल तर सायकल आणखी जुनी असू शकते.

या कंपनीचा पहिला तीन गिअरचा हब १९०२ सालचा. ए डब्ल्यू आला १९३६ मध्ये. आत मधोमध २० दात्यांचं एक चाक एक्सललाच, म्हणजे चाकाच्या आसालाच, पक्कं असतं, ते कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसून फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढून ६० दात्यांचं कडं. पिंजरा तीन फेरे घेतो तेवढ्यात कडं चार घेतं. चढावर, पहिल्या गिअरमध्ये, चेन कड्याला फिरवते आणि सायकलचं चाक पिंजऱ्याच्या चालीने जातं. सपाटीवर, तिसऱ्यात, नेमकं उलट. इतकंच गणित आहे, आणि मला ते अजूनही सुंदर वाटतं.

[तेलाची कुपी. हबवरचं इवलंसं झाकण उघडतं.]

गिअर पडत नाही म्हणून हब उघडायला धावू नका. बहुतेक वेळा आत काही मोडलेलं नसतं, जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. त्यात हबला पकडून फिरवणारे छोटे खटके अडकतात. चमचाभर पातळ तेल सोडा, चाक फिरवा, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पुन्हा फिरवा. कित्येक वर्षं मुका असलेला हब असा बोलू लागतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

[क्रोमच्या रिमवर हात.]

गंजासाठी अॅल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल आणि पाणी पुरतं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. रंगाला मात्र हात लावू नये असंच मी म्हणेन. हाताने ओढलेली सोनेरी रेघ एकदा गेली की गेली.

[क्रँकमधली कॉटर पिन, जवळून.]

इथे मी चुकलो होतो. पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, आसाला घट्ट धरणारी ही कॉटर पिन. अडकलेली होती, हातोडीने ठोकली. तिचं टोक चेपलं, फुगलं, आणि ती आणखीच रुतली. शेवटी ड्रिलने कोरून काढावी लागली. आता आधी तेल, मग एक दिवस वाट, मग दाबून काढायचं प्रेस. आणि सायकल रॅलेची असेल तर आटे मोजल्याशिवाय सुटे भाग घेऊ नका. तिच्या बॉटम ब्रॅकेटला, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या जागेला, इंचात २६ आटे असतात, इतरांना साधारण २४. दिसायला सारखे, बसणार नाहीत.

[उजवीकडचा नट. त्याच्या छोट्या खिडकीतून दांडी दिसते.]

सर्वांत शेवटी गिअर बदलणारी तार. गिअर दुसऱ्यावर ठेवा आणि या खिडकीतून बघा. तारेला जोडलेल्या बारीक साखळीच्या दांडीची पायरी एक्सलच्या टोकाच्या बरोबर रेषेत यायला हवी. तार सैल राहिली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक पोकळ जागा लागते. तिथे पेडल एकदम निसटतं, आणि माणूस उभा राहून जोर देत असेल तर सरळ सायकलच्या आडव्या दांडीवर आदळतो.

म्हणून पहिली फेरी सीटवर बसूनच. पहिला गिअर, शांत. दुसरा.

[चित्र काळं होतं. फक्त टिकटिक ऐकू येत राहते.]